गहू कोण घालतंय?

संशय घ्यायला मला कारण लागत नाही. दूधवाला हसला तरी वाटतं, आज पाणी जरा जास्तच घातलंय. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये पाच भावंडांत वाढले. तिथे आपला वाटा आपणच सांभाळावा लागायचा. ती सवय हाडात मुरली आणि लग्न होऊन मांडवगण फराट्याला आले तेव्हा माझ्याबरोबर तीही नांदायला आली. त्यात मला नोकरी मिळाली अंगणवाडी सेविकेची. पोरांची वजनं करायची, तक्त्यावर टिंब मांडायचं. आया म्हणायच्या, "आमचं पोरगं समदं खातंय की." मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, मार थापा.

आणि त्याच तक्त्यावर सगळ्यात खालचं टिंब माझ्या मुलीचं होतं. तेजश्री साडेचार वर्षांची, वजन साडेदहा किलो. काड्यांसारखे हातपाय आणि पुढे आलेलं पोट. दिवसातून पाच-सहा वेळा घाण वासाचं, पातळ, तेलकट. सारखी किरकिर. गावात बाया तोंडावर पदर धरून म्हणायच्या, बालवाडीच्या बाईंचीच पोरगी कुपोषित, मग खाऊ जातो कुठं? शिरूरच्या एका डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं, दुसऱ्यांनी टीबी म्हणून सहा महिने गोळ्या चारल्या. मी माझ्या परीने उपाय करतच होते. अंगणवाडीतली गव्हाची लापशी इतर पोरांना एक वाटी, तेजूला घरी तूप घालून दोन वाट्या. पोरगी खंगत होती आणि मी लापशी वाढवत होते.

२००४ च्या मार्चमध्ये आम्ही तिला पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे रक्त तपासलं, तोंडातून नळी घालून आतड्याचा बारीकसा तुकडा काढला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं, सिलिअ‍ॅक. म्हणाल्या, "आतड्याला आतून बारीक लव असते, ती अन्न शोषून घेते. हिच्या पोटात गहू गेला की ती लव झडते. मग कितीही खाऊ घाला, अंगी लागत नाही. औषध एकच. गहू बंद. मैदा, रवा, शेवया, बिस्किट, जव, सगळं बंद. जन्मभर. चिमूटभरसुद्धा नाही."

लापशीच्या त्या दोन-दोन वाट्या आठवून मी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसले आणि रडले. तेजूचे पप्पा, म्हणजे धम्मदीप, मला हाताला धरून उठवत होते.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. सोजरबाई त्यांचं नाव, मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या चुलीपुढे बसल्या होत्या. ऐकून आधी हसल्याच.

"गव्हानं? अगं, माझा सासरा गावकीची कामं करून दारोदार शिळ्या भाकरीचं तुकडं गोळा करून आणायचा. चपाती आमाला सणालाच दिसायची, ती बी लांबनं. आता पोरगा नोकरीला लागला, घरात गव्हाचं पोतं आलं, आन् तुमचा डाक्टर म्हणतो माझ्या नातीनं भाकर खायाची?"

मग चुलीतलं लाकूड आत सारून म्हणाल्या, "पर भाकरीवर जगत आसंल तर जगू दे. मी बी भाकरीवरच जगले."

यातलं शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण ध्यानात पहिलंच ठेवलं. नातीनं भाकरी खायची हे म्हातारीला पटलेलं नाही, अशी नोंद माझ्या डोक्यात झाली. आणि माझ्या डोक्यातली नोंद सहसा खोडली जात नाही.

गावातल्या हौसरावांच्या गिरणीत गव्हावरच बाजरी दळतात, दगडात राहिलेलं गव्हाचं पीठ बाजरीत उतरतं. डॉक्टरीणबाईंनी गिरणीचं पीठही नको म्हटलं होतं. तेव्हा आत्याबाईंनी गोठ्यातलं जातं काढलं, धुतलं, पाथरवटाकडून टाकी लावून घेतलं आणि रोज सकाळी तेजूपुरती बाजरी नाहीतर तांदूळ दळायला लागल्या. तिची परात वेगळी, तवा वेगळा. हे सगळं त्यांनी न सांगता केलं. मला ते दिसत नव्हतं असं नाही. पण संशयी माणसाला चांगली गोष्टसुद्धा झाकण वाटते.

एप्रिल, मे सरला आणि तेजू खरंच सुधारली. पोट उतरलं, गालांवर रंग आला. दोन किलो वजन वाढलं. टिंब वर चढलं तेव्हा माझी मदतनीस सिंधूबाई हिने अंगणवाडीत पोरांना टाळ्या वाजवायला लावल्या.

जूनमध्ये तेजूने कुठूनतरी कच्चे आंबे पाडून खाल्ले आणि तिचं पोट दुखायला लागलं. ते दोन दिवसांत थांबायला हवं होतं. मी माझ्या आईच्या पद्धतीने कोमट पाण्यात पाव चमचा हिंग सकाळ-संध्याकाळ द्यायला लागले, वरून बेंबीभोवती लेप. पण दुखणं हटेना. पंधरा दिवसांत पुन्हा तेच वासाचं पातळ सुरू झालं, पोट पुन्हा नगाऱ्यासारखं झालं. मी हिंग पाव चमच्यावरून अर्ध्या चमच्यावर नेला. जुलैअखेर वजन केलं तर सव्वा किलो कमी.

कुणीतरी तिला गहू घालतंय, मी ठरवून टाकलं. आणि कुणीतरी म्हणजे कोण, हे ठरवायला मला फार वेळ लागला नाही.

मग मी सुरू झाले. आमच्या तिघांसाठी संध्याकाळी चपात्या व्हायच्या, त्या मी मोजून डब्यात ठेवायला लागले. गव्हाच्या पिठाच्या डब्यावर फडकं टाकून त्याला अशी गाठ मारायचे की दुसऱ्या कुणी सोडली तर मला कळावं. तेजू आजीजवळून उठून आली की तिचं तोंड हुंगायचे. तिच्या दातांत बोट घालून बघायचे.

"आजीनं काय दिलं गं?"

"शेंगदाणे."

"आणि?"

"आणि काईच न्हाई."

मला वाटायचं, म्हातारीनं पोरीला पढवून ठेवलंय. साडेचार वर्षांच्या पोरीवर मी संशय घेत होते, हे आज लिहिताना हात जड होतो.

चपाती कधी कमी भरली नाही. गाठ कधी सुटली नाही. चोर हुशार आहे, एवढाच अर्थ मी त्यातून काढला.

ऑगस्टमध्ये शिरूरला आमचं आठ दिवसांचं ट्रेनिंग होतं, राहून करायचं. मी तेजूला घरी ठेवून गेले ती जीव मुठीत धरून. परत आले तर पोरगी अंगणात लंगडी खेळत होती. पोट मऊ. शौचही दिवसातून दोनदाच. दुसरी कुणी आई असती तर सासूच्या पाया पडली असती. मी विचार केला, माझ्या माघारी काही झालं तर नाव आपल्यावर येईल म्हणून म्हातारी आठ दिवस घाबरून वागली. आणि तसंच झालं की! मी आल्यावर आठवड्याभरात तेजूचं पुन्हा बिनसलं. माझी खात्री पटली.

सप्टेंबरच्या एका दुपारी आत्याबाई नदीकडे गेल्या असताना मी त्यांची पेटी उघडली. लुगड्याच्या घडीत ग्लुकोज बिस्किटांचा पुडा होता. अर्धा संपलेला.

त्या आल्या तेव्हा मी तो पुडा हातात घेऊन दारातच उभी होते. शेजारच्या तानुबाई दळण निवडत होत्या, त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"हे काय आहे आत्याबाई?"

"माझी बिस्कुटं हायत. चहात बुडवून खाते. दात न्हाईत मला."

"मग पेटीत का लपवली?"

"पोरीच्या नजरंला पडू नयेत म्हनून. तिला देता येत न्हाई, मग तिच्याम्होरं कशी खाऊ?"

"तुम्हीच देता तिला! चपाती मोजते म्हणून चपाती देत नाही, बिस्किट देता. ती भाकरी खाते याची तुम्हाला लाज वाटते. नातीचा जीव गेला तरी चालेल, पण तुमचा गहू राहिला पाहिजे."

आमच्याकडे देवाची शपथ घालत नाहीत, देवच नाहीत घरात. मी भिंतीकडे बोट केलं. "बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभ्या राहा आणि सांगा, मी दिलं नाही."

तेव्हा मात्र त्यांचा आवाज चढला. "बाबासायबाला असल्या कामाला लावू नको. त्यांनी शिकवलं ते तुला हुंगाहुंगी कराया न्हाई."

तानुबाई हे सगळं ऐकत होत्या, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळी वस्ती ऐकणार होती.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी पेटी उचलली आणि केडगावला निघाल्या, माझ्या नणंदेकडे, रतनवन्संकडे. जाताना आठवडा पुरेल एवढं बाजरीचं पीठ दळून ठेवलं होतं. तेजू त्यांच्या लुगड्याला लोंबकळत रडत होती. तेजूचे पप्पा कामावरून आले, त्यांनी जेवण ताटात तसंच ठेवलं. "आईला गावासमोर चोर केलंस तू," एवढंच म्हणाले आणि नंतर कितीतरी दिवस कामापुरतंच बोलले.

मी म्हटलं, बोलू नका. आता बघा पोरगी कशी सुधारते.

पोरगी सुधारली नाही. पहिला आठवडा गेला, मी म्हटलं जुनं पोटात असेल. जातं ओढून माझ्या तळव्यांना फोड आले. दुसरा आठवडा गेला. मग मला तानुबाईंचा संशय यायला लागला, मग सिंधूबाईचा, मग रात्री शेजारी झोपलेल्या नवऱ्याचा. तेजूला मी अंगणवाडीत खुर्चीशेजारी बसवायला लागले, घरात नजरेआड होऊ देईना. चोवीस तास ती फक्त माझ्या हातचं खात होती आणि चोवीस तासांत सहा वेळा परसाकडे पळत होती. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस ती उठलीच नाही. "आई, पाय न्हाई चालत," म्हणाली.

आम्ही पुण्याला निघालो. सुट्टी मिळाली नाही म्हणून हे आले नाहीत, मी एकटीच. मांडवगणहून पुण्याला जायचं तर केडगावला येऊन पॅसेंजर पकडायची. नणंदेचं घर स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. तिकडे मी पाहिलंसुद्धा नाही, पदर पुढे ओढून फलाटावर बसून राहिले.

हॉस्पिटलात लांब रांग होती. बाकावर तेजूच्या पोटात कळ आली, ती गुडघे पोटाशी घेऊन कण्हायला लागली. मी पिशवीतून हिंगाची डबी काढली, पाण्याच्या बाटलीच्या झाकणात हिंग कालवला आणि तिच्या ओठांना लावला.

शेजारी एक उंच बाई सात-आठ वर्षांच्या मुलाला घेऊन बसली होती. हरयाणाकडची, नवरा रांजणगावच्या कंपनीत. तिने वाकून पाहिलं.

"दीदी, ये क्या पिला रही हो?"

"हिंग. पेट दुखता है ना."

"बच्ची को गेहूँ मना है?"

मी मान हलवली.

"तो ये मत दो! इसमें तो आटा मिलाते हैं. मेरे बेटे को भी यही बीमारी है, चार साल से. हमें भी किसी ने नहीं बताया था."

मला आधी तिचाच संशय आला. ही कोण मला शिकवणारी? हिंग म्हणजे हिंग, त्यात कसला आटा? मी डबी उलटी केली. तळाला मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत काय काय घातलंय ते छापलं होतं. बारावी पास आहे मी, वाचता येतं. पहिलाच शब्द होता व्हीट. गव्हाचं पीठ. मग डिंक, आणि शेवटी हिंग.

मी झाकण तेजूच्या तोंडापासून झटकन मागे घेतलं. थोडंसं आधीच गेलं होतं. पदराने तिचे ओठ पुसले, पुन्हा पुसले, ती "दुखतंय" म्हणेपर्यंत पुसत राहिले. जूनपासून रोज दोनदा; शिरूरहून आल्यावर तर दुखत नसतानाही, पुन्हा दुखू नये म्हणून. दुखलं की जास्त. जास्त दिला की आणखी दुखायचं. चपात्या मोजणारी मी, पिठाच्या डब्याला गाठ मारणारी मी, आणि गहू मी चमच्याने पाजत होते.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी स्वतःच्या कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "आमच्या कागदावर हिंग लिहिलेलाच नाही. आजपासून लिहू." तेजूला सलाईन लावलं, दोन दिवस ठेवून घेतलं. हिंग थांबला आणि तिसऱ्या दिवशी तिने भात मागून खाल्ला. पुढे सहा महिने लागले तिला पूर्ण भरायला, पण ते नंतरचं.

परतीच्या पॅसेंजरमधून मी केडगावला उतरले. या वेळी पदर पुढे ओढला नाही. तेजूला कडेवर घेतलं आणि नणंदेच्या घरी गेले. रतनवन्सं दारात होत्या. मला बघून बाजूला झाल्या, "या" म्हणाल्या नाहीत. आत्याबाई आत बसून शेंगा फोडत होत्या. तेजू माझ्या कडेवरून उडी मारून त्यांच्या मांडीत गेली. त्यांनी तिचं पोट चाचपलं, डोळ्याखालची कातडी ओढून बघितली, मग माझ्याकडे पाहिलं.

"घावलं का?"

मी वाटेत किती काय काय ठरवलं होतं, पाया पडेन, माफी मागेन. तोंडातून एकच शब्द निघाला.

"हिंग."

"त्यात गहू आसतो?"

"असतो. मीच देत होते."

त्यांनी एक शेंग फोडली, दाणे तेजूच्या हातावर ठेवले. त्यांच्या तोंडावर नवल दिसेना. तेच मला सहन होईना.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हिंगाचं मला काय ठावं? आमच्या घरात लसणाबिगर दुसरी फोडनी न्हवती. पर तुझ्याच हातनं काय तरी जातंय, यवढं ठावं व्हतं. तू शिरूरला गेलीस, पोरगी बरी झाली. तू आलीस, पोरगी पडली. मला मोजता येत न्हाई, पर यवढं कळतं."

"मग बोलला का नाहीत? आत्याबाई, महिना गेला! एका शब्दाने सांगायचं होतं."

"काय सांगायचं? तू आईच पोरीला मारतीयास आसं?" आता त्यांचे हात थांबले. "तू मला म्हनलीस. चारचौघांत म्हनलीस. म्या म्हातारी, आजवर लई ऐकलंय, मला झेपलं. तुला झेपलं नसतं."

मी भिंतीला टेकले. रडू येत होतं आणि रडायचीही लाज वाटत होती.

"म्हनून निघून आले," त्या म्हणाल्या. "मी घरात हाय तवर तुझी नजर माझ्यावरनं हलायची न्हाई. म्या गेल्याबिगर तू दुसरीकडं बघितलंच नसतं."

मला वाटलं होतं, मी त्यांना घालवलं. पोरीच्या आजारातून स्वतःला बाजूला काढून त्यांनी मला मोकळी जागा करून दिली होती, आणि वस्तीत चोर ठरूनही तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. मी त्यांच्या पायांकडे वाकले. त्यांनी पाय मागे घेतले.

"ऱ्हाऊ दे. राग गेला न्हाई माझा. उगं गेला म्हनून खोटं कशाला बोलू?"

"घरी चला, आत्याबाई. हे माझ्याशी बोलत नाहीत. तेजूला तुमच्याशिवाय चैन नाही."

"दिवाळीपतोर न्हाई येत. आत्ताच आले तर तुझ्या हातचा घास उतरायचा न्हाई." मग त्यांनी तेजूचे केस मागे सारले आणि तिच्याकडेच बघत म्हणाल्या, "दिवाळीनंतर येते. तू बोलवाया आलीस म्हनून न्हाई. घरात काय काय कशात घालतीस त्यावर नजर ठिवाया कुनीतरी पायजे."

दारात उभ्या रतनवन्सं माझ्याकडे बघत होत्या. मी आता काय उलटून बोलते, याची वाट बघत असाव्यात.

"ठेवा," मी म्हणाले.